गुडघ्याच्या झिजेच्या पेशंटची रोजची हालचाल मोजायची कशी? आयपॅकचा फॉर्म की कमरेचं यंत्र?

प्रश्न: एमपीटी_दुसरं_वर्ष

एमपीटीच्या (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) प्रबंधासाठी गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे (झिजेचे) ६० पेशंट घेणार आहे. वय ४५ ते ७०, केलग्रेन-लॉरेन्स ग्रेड (एक्स-रेवरून ठरणारी झिजेची पायरी) २ आणि ३. ८ आठवड्यांचा व्यायाम आहे: मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद, कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू, रबरी बँड आणि थोडं चालणं. वेदनेसाठी एनपीआरएस (वेदना आकड्यात सांगायची पट्टी), कामकाजासाठी वोमॅक (प्रश्नावली) आणि ६ मिनिटं चालण्याची चाचणी हे पक्कं आहे. 'शारीरिक हालचाल' हा दुय्यम निष्कर्ष म्हणून लिहिला आहे आणि घोडं तिथेच अडलं आहे.

गाईड म्हणतात, आयपॅकचा (शारीरिक हालचालीची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली) छोटा फॉर्म भरून घे, ७ प्रश्न आहेत, १० मिनिटांत होतो. विभागात अ‍ॅक्टिग्राफचे १० अ‍ॅक्सिलरोमीटर पडून आहेत, म्हणजे अंगावर बांधून हालचाल मोजायची छोटी यंत्रं. ते वापरावेत का? वापरायचे तर कुठे बांधायचे, किती दिवस, आणि आकड्यांचं पुढे काय करायचं? की ६ मिनिटांची चाचणी आहेच, तेवढ्यावर भागेल? पेशंट निम्मे शहरातले, निम्मे आसपासच्या गावांतले. बायका जास्त.

उत्तर १: गुडघेदुखी_ओपीडी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. ६ मिनिटांच्या चाचणीत माणसाला *किती चालता येतं* ते कळतं. तो दिवसभरात *किती चालतो* हे त्यातून कळत नाही. खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं, ४० मीटर भरभर चालणं, जिने, टीयूजी (खुर्चीतून उठून थोडं चालून परत बसणं) या ओएआरएसआयच्या (ऑस्टिओआर्थ्रायटिस संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था) सगळ्या चाचण्या क्षमतेच्याच. व्यायामानं क्षमता वाढते, पण पेशंट घरी जाऊन त्याच खुर्चीत बसतो, हे नेहमीचं आहे. म्हणून हालचाल वेगळी मोजावीच लागते.

आता आयपॅक. तुझ्या पेशंटमध्ये तो तीन ठिकाणी फसतो.

एक, १० मिनिटांची अट. फॉर्म सलग १० मिनिटं किंवा जास्त केलेलीच हालचाल विचारतो, आणि आकडेमोडीच्या नियमांत १० मिनिटांखालचं सगळं शून्य धरतात. गुडघा दुखणारा माणूस सलग चालतच नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत ४ मिनिटं, मग कट्ट्यावर टेकणं, मग परत ४ मिनिटं. आयपॅकच्या हिशोबी हा माणूस चाललाच नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह या अभ्यासात २००८ ते २०१० या काळात गुडघ्याची झीज असलेल्या १,१११ जणांना कमरेचं यंत्र लावलं होतं. ४०.१ टक्के पुरुष आणि ५६.५ टक्के बायका अशा निघाल्या की आठवडाभरात मध्यम जोराची सलग १० मिनिटं एकदाही भरली नाहीत. डब्ल्यूएचओनं २०२० च्या शिफारशींत १० मिनिटांची अट काढून टाकली, फॉर्म मात्र जुनाच राहिला.

दोन, घरकाम. हिशोब करून बघ. एक काकू सांगतात, रोज २ तास झाडणं-पुसणं-धुणं, शिवाय ५ दिवस २० मिनिटं चालणं. १२० मिनिटं × ७ दिवस × ४ मेट (मेट म्हणजे शांत बसण्याच्या किती पट कष्ट), झाले ३,३६०. चालण्याचे २० × ५ × ३.३ म्हणजे ३३०. एकूण ३,६९० मेट-मिनिटं. रोज काहीतरी आहे आणि एकूण ३,००० च्या वर, म्हणून वर्गवारी 'उच्च'. ग्रेड ३ चा गुडघा, जिना उतरताना कठडा सुटत नाही, आणि कागदावर त्या खेळाडूंच्या रांगेत. सुरुवातीलाच 'उच्च' असलेली बाई ८ आठवड्यांनी जाणार कुठे? बदल दिसायला जागाच उरत नाही.

तीन, भाषा. मूळ प्रश्न श्वासावर बेतलेला आहे: नेहमीपेक्षा थोडा जास्त श्वास लागतो का, की खूप. आपल्याकडे 'दमायला होतं का' असं विचारलं की पेशंट गुडघ्याचं उत्तर देतो. त्याला दम लागायच्या आधीच गुडघा बोलायला लागतो. मग भाजी निवडून उठणंसुद्धा 'जोराचं काम' म्हणून नोंदलं जातं. फॉर्म वापरायचाच असेल तर दोन प्रश्न तोडून विचार: 'हे करताना धाप लागते का, की बोलता येतं?' आणि वेगळ्या रकान्यात 'गुडघा दुखतो का?' दुसऱ्याचं उत्तर मेटच्या हिशोबात घ्यायचं नाही, ते फक्त पहिलं उत्तर स्वच्छ यावं म्हणून.

शिवाय फॉर्म भरून घेणारी तूच, व्यायाम शिकवणारीही तूच. ८ आठवड्यांनी काकू तुझं मन मोडणार नाहीत. आकडा वाढलेलाच येईल. फॉर्म निदान दुसऱ्या कुणाकडून भरून घे, आणि त्या व्यक्तीला पेशंट कुठल्या गटात आहे ते कळू देऊ नकोस.

६५ च्या वरचेच पेशंट असते तर पेस ही प्रश्नावली सुचवली असती. ती मुळात वयस्कर लोकांसाठी केलेली आहे आणि घरकाम, बाग, दुसऱ्याची काळजी घेणं वेगवेगळं विचारते. ४५ ते ७० मध्ये ती अर्धवटच बसते.

उत्तर २: मोजपट्टी

१० अ‍ॅक्टिग्राफ हाताशी असताना फॉर्मवर अवलंबून राहणं म्हणजे काखेत कळसा. यंत्र वापर. फक्त ते काय बघतं आणि काय बघत नाही ते आधी समजून घे.

*जागा.* उजव्या काखेतून सरळ खाली रेषा ओढली की कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला जिथे मिळते, तिथे. रुंद इलॅस्टिकचा पट्टा, यंत्र अंगाला घट्ट. सैल पट्ट्यावर ते स्वतःच हिंदकळतं आणि हिसके मोजतं. पहिल्या खेपेला उजवीकडे तर दुसऱ्या खेपेलाही उजवीकडेच, डावा गुडघा जास्त खराब असला तरी.

*सेटिंग.* ३० हर्ट्झवर कच्चा डेटा भरून घे, ६० सेकंदांच्या तुकड्यांत नंतर करता येतो. सुरू होण्याची वेळ पेशंटला दिल्यानंतरच्या मध्यरात्रीची ठेव, म्हणजे दवाखान्यातून घरी जाण्याचा प्रवास डेटात शिरत नाही. कॉम्प्युटरचं घड्याळ आधी तपास. ते चुकलेलं असलं तर यंत्रही चुकतं, आणि ती चूक डायरीशी ताडून बघेपर्यंत कळत नाही. पडून असलेली यंत्रं आधी पूर्ण चार्ज करून दोन दिवस टेबलावर चालू ठेव. जी बॅटरी तेवढ्यात मान टाकते ती बाद.

*न घातलेला वेळ.* इथे बहुतेक जण सॉफ्टवेअरनं आधीच निवडलेला पर्याय तसाच राहू देतात. नेहमीचा नियम सलग ६० मिनिटं शून्य आली की यंत्र काढून ठेवलं असं मानतो. गुडघेदुखीचा माणूस तासभर हालत नाही ही अगदी साधी गोष्ट आहे, संध्याकाळच्या दोन मालिका सलग बघितल्या की झालं. ६० चा नियम लावलास तर खरंखुरं बसणं 'काढून ठेवलं' म्हणून गळून जातं आणि पेशंट आहे त्यापेक्षा चपळ दिसतो. ९० मिनिटांचा नियम लाव. ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्हनंही ९० च धरले होते, मध्ये २ मिनिटांपर्यंतची किरकोळ हालचाल माफ.

*वैध दिवस.* १० तास किंवा जास्त घातलेलं असेल तो दिवस वैध. ७ दिवस द्यायचं, निदान ४ वैध दिवस हवेत.

*जोराच्या रेषा.* १०० काउंट (यंत्रानं नोंदलेल्या हालचालीचा आकडा) प्रति मिनिटाखाली बैठं, २,०२० पासून पुढे मध्यम किंवा जास्त. या रेषा उभ्या अक्षाच्या (वर-खाली हालचालीच्या) काउंटवरच्या आहेत. तिन्ही अक्षांचा एकत्रित आकडा (व्हेक्टर मॅग्निट्यूड, म्हणजे वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) घेतलास तर मध्यमची रेषा २,६९० ची. उभ्या अक्षाची रेषा तीन अक्षांच्या आकड्यावर लावलेले प्रबंध दिसतात, त्यात सगळेच धावपटू निघतात.

२,०२० ची रेषा साधारण तरुण माणसांना ट्रेडमिलवर चालवून, पळवून काढलेल्या आकड्यांवरून आली. झिजलेल्या गुडघ्याचा माणूस हळू चालतो, पण त्याच्या ताकदीच्या मानानं त्याला कष्ट जास्त पडतात. ते कष्ट रेषेच्या खालीच राहतात. सत्तरीच्या आसपासच्या लोकांसाठी २००९ मध्ये १,०४१ ची रेषा सुचवली गेली. कुठलीही घे, पण कुठली घेतलीस ते लिही आणि दुसऱ्या खेपेला बदलू नकोस. मी तरी एका रेषेवर सगळी भिस्त ठेवणार नाही. रोजची पावलं, हलक्या हालचालीची मिनिटं आणि दिवसाचे एकूण काउंट हे तीन आकडे आधी, मध्यम जोराची मिनिटं त्यानंतर.

पावलांचा एक टेकू आहे. मॉस्ट या गुडघ्याच्या झिजेवरच्या अमेरिकन अभ्यासात, २०१४ चा निष्कर्ष, ज्यांना गुडघ्याची झीज आहे किंवा व्हायचा धोका आहे अशांची पावलं घोट्याच्या यंत्रानं मोजली आणि दोन वर्षांनी कुणाचं कामकाज अडलं ते पाहिलं. अडणारे आणि न अडणारे वेगळे करणारी रेषा साधारण ६,००० पावलांवर निघाली. हे लक्षात ठेव: ६,००० हा घोट्यावरचा आकडा आहे. तुझं यंत्र कमरेवर आहे. हळू चालणाऱ्यांत कमरेचं यंत्र कमी मोजतं, म्हणून तो आकडा उचलून आपल्या तक्त्यात उंबरठा म्हणून ठेवू नकोस.

उत्तर ३: तालुका_फिजिओ

वरचं सगळं बरोबर आहे, पण यंत्र अंगावर टिकलं तर. गावाकडच्या पेशंटसाठी काही गोष्टी.

साडी. पट्टा परकराच्या नाडीच्या थोडा खाली, परकराच्या आतून, पातळ सुती कापडावर. नाडीलाच क्लिप अडकवून देऊ नका. नाडी सैल होते, यंत्र निऱ्यांकडे सरकतं आणि बसल्यावर आडवं पडतं. एप्रिल-मेमध्ये घामानं पट्ट्याखाली पुरळ येतं, म्हणून दोन पट्टे द्या, एक धुवायला. नऊवारीत कासोट्यामुळे बाजूला जागा कमी मिळते, तिथे पट्टा आधी आणि लुगडं वरून.

सूचना लेखी द्या, पण तोंडी तीनच वाक्यं: 'काकू, सकाळी उठल्या उठल्या बांधा. अंघोळीला काढा, अंग पुसलं की लगेच परत. झोपताना उशीजवळ ठेवा.' यंत्र उशीजवळ असलं तर सकाळी आठवतं, देवळीत किंवा कपाटात ठेवलं की दुपार होते. सोवळ्यात पूजा करणाऱ्या बायका पूजेआधी काढतात आणि तसंच राहून जातं, हे आधीच विचारून ठेवा. भात लावणीच्या दिवसांत चिखलात कुणी बांधणार नाही. तो आठवडा मोजणीसाठी घेऊच नका.

आठवडा निवडताना पंचांग बघा. गौरी-गणपती, दिवाळीच्या फराळाचे दिवस, घरातलं लग्न, गावची जत्रा. वारकरी पेशंट असतील तर आषाढीच्या आधीचे तीन आठवडे तर सोडाच. पहिली मोजणी मे महिन्यात आणि दुसरी जुलैत झाली तर पावसानं घरात बसवलेलं तुमच्या व्यायामाच्या नावावर जमा होईल. दोन गट असतील तर दोन्हींची भरती बरोबरीनं चालू ठेवा, म्हणजे ऋतू दोघांना सारखा लागतो.

दुचाकी आणि एसटी. खराब रस्त्यावर मागच्या सीटवर बसलं तरी यंत्रात हालचाल उमटते. डायरीत 'गाडीवर: कधीपासून कधीपर्यंत' असा रकाना ठेवा आणि तेवढी मिनिटं विश्लेषणात वगळा.

आणि खाली बसणं. हे परदेशी प्रोटोकॉलमध्ये येत नाही, पण आपल्या पेशंटचं निम्मं दुखणं तिथेच आहे. जमिनीवरून उठताना गुडघ्यावर येणारा भार यंत्राला दिसत नाही, एक-दोन हेलकावे मोजले जातात आणि संपलं. ओट्याशी उभं राहून ४० पोळ्या लाटल्या तर कमरेचं यंत्र त्याला 'बैठं' म्हणतं, कारण कंबर हलतच नाही. म्हणून डायरीत रोज चार खुणा करून घ्या: जमिनीवरून किती वेळा उठलात, संडास देशी की कमोड, किती जिने, ओट्याशी सलग किती वेळ. खूण काडीची, अक्षराची नाही, म्हणजे लिहिता न येणारी आजीही करते. यातली एखादी गोष्ट व्यायामानं बदलली, समजा कमोड सोडून परत देशी संडास जमायला लागला, तर पेशंटच्या दृष्टीनं तोच खरा फरक असतो.

एमपीटी_दुसरं_वर्ष

खूप आभार. तीन शंका उरल्या. काही पेशंट काठी वापरतात, दोघी वॉकरवर आहेत. सहअध्यायी म्हणतात की मनगटी बँड किंवा मोबाईलची पावलं घेतली तरी चालेल. आणि १० यंत्रांत ६० पेशंट ८ आठवड्यांच्या वेळापत्रकात बसतील का?

उत्तर ४: मोजपट्टी

मोबाईल विसर. बायकांचा फोन घरात असतो चार्जिंगला नाहीतर फ्रीजवर, आणि चालतात त्या.

मनगटी बँड हाताच्या झुल्यावरून पाऊल ओळखतो. वॉकर धरला की दोन्ही हात स्थिर, पावलं गायब. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात असते, त्याच मनगटावर बँड असला तर झुला तुटतो. उलट पोळ्या लाटताना, कपडे घासताना बसल्या जागी पावलं वाढतात. वॉकरवाल्यांना यंत्र घोट्याला बांधलेलं सर्वात बरं, पण मग त्यांचे आकडे कमरेच्या आकड्यांत मिसळता येणार नाहीत. दोघीच असतील तर त्यांना हालचालीच्या विश्लेषणातून वगळ. हे आधी प्रोटोकॉलमध्ये लिही, डेटा बघून नाही.

काठीवाले आणि हळू चालणाऱ्यांसाठी प्रत्येकाची चाचणी घे. व्हरांड्यात नेहमीच्या चालीनं, नेहमीच्या काठीसकट, हाताच्या टॅली काउंटरवर मोजून १०० पावलं. सुरुवातीला आणि शेवटी एक मिनिट स्तब्ध उभं राहायला सांग आणि घड्याळाची वेळ लिही, म्हणजे फाईलमध्ये तो तुकडा सापडतो. समजा यंत्रानं ७१ मोजली, तर चूक उणे २९ टक्के. चाल जितकी मंद, तितकं हे वाढतं, कारण अ‍ॅक्टिग्राफची गाळणी (फिल्टर) मंद हेलकावे कापून टाकते. सॉफ्टवेअरमध्ये मंद हालचालीसाठी गाळणी रुंद करण्याचा पर्याय असतो. तो लावला की हळू पावलं सापडतात, पण गाडीचे धक्केही पावलं म्हणून आत येतात. लावायचा तर सगळ्यांना आणि दोन्ही खेपांना लाव.

इथे एक छुपा सापळा आहे. व्यायामानं चालण्याचा वेग वाढला, तर यंत्राची चूकही कमी होते. पेशंट तेवढीच पावलं टाकत असला तरी आकडा वाढतो. त्यामुळे १०० पावलांची चाचणी ८ आठवड्यांनी परत घे. पहिल्या खेपेला उणे २९ आणि दुसऱ्या खेपेला उणे १० आलं तर वाढलेल्या पावलांतली काही फक्त यंत्राला नव्यानं दिसलेली आहेत. ही गोष्ट चर्चेच्या प्रकरणात आली नाही तर परीक्षक विचारणारच.

उत्तर ५: आकडेमोड

वेळापत्रक मांडून बघू. एका पेशंटमागे ७ दिवस मोजणी आणि ३ दिवस परत आणणं, डेटा उतरवणं, चार्जिंग. म्हणजे १० दिवसांचा फेरा. ६० पेशंट, १० यंत्रं, ६ फेरे: ते १, ११, २१, ३१, ४१ आणि ५१ व्या दिवशी सुरू. पहिल्या तुकडीचा व्यायाम ८ व्या दिवशी सुरू होऊन ६३ व्या दिवशी संपतो. दुसरी मोजणी ६४ व्या दिवसापासून. पहिल्या मोजणीचा शेवटचा फेरा ५७ ला संपतो, यंत्रं ६० पर्यंत मोकळी. म्हणजे बसतं, पण तीन दिवसांच्या फटीनं. दोन यंत्रं बिघडली की कोलमडलं. ९ पेशंटची तुकडी कर, एक यंत्र राखीव. मग ७ फेरे होतात, सातवा ६१ ला सुरू होतो आणि ६४ ला टक्कर होते. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या तुकडीची दुसरी मोजणी आठवडाभर पुढे ढकलणं आणि तोच आठवडा सर्वच तुकड्यांना देणं. हे नुकसान नाही, उलट बरंच आहे. शेवटच्या आठवड्यात मोजलं तर तुझा स्वतःचा व्यायामच हालचाल म्हणून मोजला जातो. एका आठवड्यानं मोजलं की पेशंटची स्वतःची सवय दिसते.

त्याच्या उलटही ध्यानात घे: बँडचे व्यायाम, पाय सरळ उचलणं, बसून गुडघा ताणणं यात कंबर हलत नाही. पेशंटनं ते मन लावून केले तरी यंत्रात जवळपास काहीच उमटणार नाही. व्यायाम केला की नाही याची नोंद वेगळ्या तक्त्यात हवी.

४ दिवस का, तेही सांगतो, कारण परीक्षेत हमखास विचारतात. एका दिवसाच्या मोजणीची विश्वसनीयता ०.५ धरली, तर स्पिअरमन-ब्राऊनच्या सूत्रानं ३ दिवसांची ०.७५, ४ दिवसांची ०.८०, ७ दिवसांची ०.८७५. चौथ्यानंतर प्रत्येक जादा दिवस थोडाथोडाच देतो. आपल्या डेटात हा ०.५ किती आहे ते पहिल्या १० पेशंटवर काढून बघ. गुडघेदुखी एक दिवसाआड वरखाली होत असेल तर तो कमी निघेल आणि ४ दिवस पुरणार नाहीत. रविवार असलाच पाहिजे ही अट नोकरदारांसाठी ठीक. गृहिणीला रविवारी उलट काम जास्त आणि शेतमजुराला बाजाराचा दिवस वेगळा. तिथे 'आठवड्यातला एक वेगळा दिवस' कुठला ते पेशंटलाच विचार.

विश्लेषणात पावलं उजवीकडे लांबलेली असतात (थोड्या जणांची खूपच जास्त), सरासरीबरोबर मध्यक दे. शेवटच्या आकड्याची तुलना सुरुवातीचा आकडा आणि यंत्र घातलेले तास दोन्ही धरून कर. पहिल्या खेपेला ११ तास आणि दुसऱ्या खेपेला १४ तास घातलं असेल तर 'वाढलेली' पावलं त्या ३ तासांची आहेत. रोज झोपताना एनपीआरएसचा आकडा आणि वेदनाशामक गोळी घेतली का हेही डायरीत असू दे.

आणि सीटीआरआयवर (भारतातली क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते, नंतर केलेली ते घेत नाहीत. तिथे दुय्यम निष्कर्ष 'आयपॅक' असा लिहिला असेल तर तो बदलून घे, एथिक्स कमिटीलाही कळव.

गुडघेदुखी_ओपीडी

@आकडेमोड, यंत्र घालण्याच्या पहिल्या दिवसाबद्दल राहिलं. यंत्र अंगावर आहे म्हणून लोक पहिल्या दिवशी मुद्दाम जास्त चालतात. ८ दिवस देऊन पहिला टाकता येईल का? आणि अ‍ॅक्टिग्राफच्या मॉडेलवर आकडा दाखवणारी पट्टी असेल तर ती बंदच ठेवा.

आकडेमोड

येईल. फेरा ११ दिवसांचा होतो, ९ च्या तुकडीत सातवा फेरा ६७ ला सुरू होऊन ७४ ला संपतो. पहिल्या तुकडीचा व्यायाम आता ९ ते ६४, मधला आठवडा ७१ पर्यंत. म्हणजे तो आठवडा दोन करावे लागतील, दुसरी मोजणी ७९ पासून. सातव्या फेऱ्याची यंत्रं ७७ ला मोकळी होतात. बसतं.

एमपीटी_दुसरं_वर्ष

गाईडना दाखवलं. यंत्र मुख्य, आयपॅक काढून टाकला, डायरीच्या काडीच्या खुणा ठेवल्या. उद्यापासून १० यंत्रं टेबलावर दोन दिवस चालू ठेवते. त्यातली तीन चार्जच होत नाहीयेत.

मोजपट्टी

चार्जिंगचे संपर्कबिंदू सुक्या सुती कापडानं पुसून, वेगळी केबल आणि कॉम्प्युटरचा थेट पोर्ट लावून बघ, हबमधून नको. रात्रभर ठेव. सकाळीही बॅटरी हलली नसेल तर तुकडी ६ ची धर आणि वेळापत्रक आकडेमोडकडून परत मांडून घे.